उलनचा कोट

केरबा सनगर मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बशीर टेलरनं दोस्ताची तळी उचलली असं पुढं कुणी म्हणायला नको. उंब्रजच्या पेठेत माझं दुकान, आणि दुकानाच्या पाठीला त्याचं घर. तो घोंगडी विणायचा. घोंगड्याला लावायची चिंचोक्याची खळ त्यानं शिजवायला घेतली की तिचा वास थेट माझ्या गिऱ्हाइकांच्या कापडात शिरायचा. त्यावरून आमची सारखी जुंपायची. माणूस असा हेकट, की रामराम घातला तरी "का?" म्हणून विचारायचा.

तो लढाईत भरती झाला तेव्हा सगळ्या गल्लीनं सुटकेचा सुस्कारा टाकला. सेहेचाळीस साली परत आला तो आणखी हेकट होऊन. बाकीचे शिपाई खाकी घालून, बूट वाजवत पेठेतून मिरवायचे. यानं दुसऱ्याच दिवशी खाकी उतरवली आणि मागावर जाऊन बसला. "केरबा, बूट कुठं गेलं रं?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "म्हशीला घातलं."

त्याची पोरगी मनुबाई लग्नाची होती. आई लहानपणीच गेलेली. बाप ब्रह्मदेशात असताना चुलतीजवळ राहून तिनं सूत कातलं, माग थांबू दिला नाही. तिला स्थळ आलं सांगलीचं. नवरामुलगा नाथाजी, जातीचा सनगरच, पण हळदीच्या पेढीवर कारकून. त्याचा बाप आप्पासो. या आप्पासोनं स्वतःचा माग मोडून त्याची लाकडं चुलीत घातली होती, आणि वर ते छाती फुगवून सांगायचा. असल्या माणसाचं काय करायचं? मला तर तो बघताक्षणी नकोसा झाला, केरबापेक्षाही.

बोलणी कितीतरी दिवस भिजत घोंगड्यासारखी पडली होती. शेवटी घोडं अडलं ते कोटावर. नवऱ्याचं माप घ्यायला म्हणून मलाही सांगलीच्या त्या बैठकीत नेऊन बसवलं होतं.

"पोरगा पेढीवर बसतोय," आप्पासो म्हणाला. "त्येला उलनचा कोट पायजे."

"उलन म्हंजी?" केरबानं विचारलं.

"आवं, लोकरीचं कापड! उलन!"

"लोकरीचं व्हय? मग देतो की."

मी चाट पडलो. तेव्हा साधं धोतर रेशनवर मिळायचं, विलायती कापड तर डोळ्यांनाही दिसत नव्हतं. परतीच्या वाटेत मी त्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, "तू माप ध्यानात ठेव. बाकी बोलू नगंस."

पुढं होळीच्या सुमाराला तो दुकानात आला आणि एक कापड माझ्या मशीनवर आपटलं. काळं कुळकुळीत, मेंढीच्या अंगचाच रंग, कडेला पांढरी पट्टी. एरवीच्या घोंगड्यापेक्षा पातळ, पण वीण अशी घट्ट, की बोट शिरू नये.

"हे घोंगडं हाय," मी म्हणालो.

"लोकर हाय. म्हंजी उलन."

"केरबा, त्यास्नी विलायती पायजे."

"लोकरीचं म्हणलं का न्हाई? तुझ्यासमोर म्हणलं. कान व्हते न्हवं तुला?"

त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळून वेड पांघरत होता, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. मी कापड परत त्याच्या अंगावर ढकललं. त्यानं माझा खडू उचलला, कापायच्या फळीवर एक नक्षी काढली. गळ्याभोवती फिरून छातीवर उतरणारी, वळणावळणाची. मग म्हणाला, "गळ्यावर ही घाल. पांढऱ्या सुतात."

"ही कुठली?"

"मुसाची," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या दुकानात पहिल्यांदाच बसला.

"ब्रह्मदेशात, आराकानात आमच्या शेजारी नायजेरियाची पलटण व्हती. हबशी लोक. त्यातला ह्यो मुसा. घरचा विणकर, म्हणून आमचं जमलं. मोडकं हिंदुस्थानी आन हातवारे. ईदीदिवशी त्यानं पिशवीतनं झगा काढला, निळा. वीतभर रुंदीच्या पट्ट्या विणून, पट्टीला पट्टी जोडून केल्याला. गळ्यावर ही नक्षी. हात लावला तवाच कळलं, हातमागाचा. म्हणला, माज्या गावचा हाय. विणला चुलत्यानं, शिवला शेजाऱ्यानं. मग मला इचारलं, तुजं काय हाय? तुज्या गावचं?"

"मग?"

"काय दावू? माजं घोंगडं भरतीदिवशीच टाकून दिलं व्हतं मी. पोरं हसली म्हणून. टोपीपासनं बुटापातूर सगळं सरकारी. विणकराची जात माझी, आन त्या माणसापुढं मी उघडा व्हतो रं."

मला दया आली असं वाटेल. नाही, राग आला. लोकांनी लढाईतून घड्याळं आणली, यानं नक्षी आणली, आणि तेही घोंगडं माझ्या गळ्यात! मशीनच्या सुया मोडल्या. शेवटी मशीन बाजूला सारून सगळा कोट हातानं शिवला, बोटं सोलवटली, आणि टाक्यागणिक केरबाला शिव्या घातल्या. पण खरं ते खरं. तसा कोट माझ्या हातून पुन्हा झाला नाही.

वैशाखात लग्न लागायचं होतं. मांडवात सगळीकडं केरबाच्या मागावरची घोंगडी अंथरलेली. सनगरांच्या घरी पाहुणा उघड्या जमिनीवर बसत नाही. नाथाजीला मधोमध नव्या घोंगड्यावर बसवलं होतं. केरबानं कोट आणून त्याच्यापुढं उलगडला. मग वऱ्हाडातला कुणीतरी ओरडला, "मेंढरं कुठं बांधलीती?" आणि सगळे खिदळले.

नाथाजीनं दोन बोटांत बाही धरली आणि सोडली. आप्पासो लालबुंद झाला. "टोपी घातलीस आमाला!"

"टोपी न्हाई, कोट हाय," केरबा म्हणाला.

"हे घालून पेढीवर गेलो तर घोंगडेवाला म्हणतील मला," नाथाजी म्हणाला.

"मग कोण हायस तू?"

झालं. नवऱ्याचा रुसवा लग्नात असतोच. काहीतरी हातावर ठेवायचं, हसायचं, उठवायचं. हा तसला रुसवा नव्हता. आप्पासो मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला, "खरा उलनचा कोट आल्याबिगर माजं पोरगं जागचं हलणार न्हाई. आन पोरीच्या बापानं पाया पडून म्हणायचं, चुकलं म्हणून."

भटजी मुहूर्त टळत चालल्याचं सांगत होते. हळद लागलेली पोर लग्नावाचून राहिली तर लोक तिच्या नावानं जन्मभर बोटं मोडतील, हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. केरबालाही. आजवर कुणापुढं न वाकलेल्या त्या माणसानं डोक्यावरचा पटका काढला आणि आप्पासोच्या पायावर ठेवायला खाली वाकला. मला बघवेना. मी शिव्या दिल्या असतील त्याला, पण हे नको होतं.

तेवढ्यात आतून मनुबाई आली. हळदीच्या हातांनी तिनं बापाचा दंड धरून त्याला सरळ उभा केला. मग नाथाजीकडं वळली.

"उठा."

तिनं त्याच्या खालच्या घोंगड्याकडं बोट केलं.

"तुमच्या बुडाखाली काय हाय? घोंगडंच हाय न्हवं, माज्या बानं विणल्यालं? त्येची लाज वाटती, तर उठा त्याच्यावरनं."

नाथाजीनं बापाकडं पाहिलं. आप्पासोनं खाली पाहिलं. तोही घोंगड्यावरच बसला होता, त्याचं सगळं वऱ्हाड घोंगड्यावरच बसलं होतं. आधी नाथाजी उठला, मग एकेक करत बाकीचे. बसावं कुठं हे कुणाला कळेना, तेव्हा चपला शोधत बाहेर पडले. जाता जाता आप्पासो नको नको ते बोलला, ते मी इथं लिहीत नाही.

मांडव रिकामा झाल्यावर केरबा पोरीवर खेकसला. "काय करून बसलीस ह्ये! मी पडत व्हतो की पाया!"

"त्येच बघवंना," ती म्हणाली. "चारचौघांत तुमी उघडं."

उघड्या डोक्याला म्हणाली बिचारी. आराकानातली गोष्ट तिला ठाऊक नव्हती. बापानं ती तिला कधी सांगितलीच नव्हती. केरबा रिकाम्या घोंगड्यावर बसला. तिनं कोट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला आणि कॉलर नीट केली. कॉलरवर तिची पिवळी बोटं उमटली.

दोन वर्षं तिला कुणी विचारलं नाही. मग शिराळ्यात झालं, त्या घरी माग होता. केरबानं मात्र त्या मोडलेल्या लग्नानंतरच्या बाजारादिवशीच तो कोट माझ्या मशीनवर आणून आपटला. नवऱ्याच्या मापाचा, त्याला छातीत होत नव्हता.

"ढिला कर," तो म्हणाला. "आन हळद धुवायची न्हाई."

"आधी ती खळ शिजवायची बंद कर," मी म्हणालो. मग आम्ही चांगले तासभर भांडलो.