पडद्याआडचा वधस्तंभ

दुपारी तीनला टेलरबाईने पडदा सारला. पलंग रिकामा होता. चादर घडी करून पायथ्याशी ठेवलेली, काठी नाही, चपला नाहीत. दोन वर्षांत जिन्याची एक पायरीही न उतरलेली सासू, टेलरबाई अर्धा तास गणवेश पोचवायला गेली तेवढ्यात निघून गेली होती.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली आणि मधे पडदा. अलीकडे शिलाई मशीन, पलीकडे सासू. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, त्यातले दोन झोपेत. सासूची अंघोळ, औषधं, उठवणं-बसवणं सगळं टेलरबाई एकहाती करायची, त्याबद्दल कुणी ब्र काढू शकणार नाही. पण मदत म्हणून कुणाची घ्यायची नाही. खालचा इस्त्रीवाला कितीदा म्हणाला, "आजींना खाली उन्हात बसवू, मी खुर्ची धरतो." हिचं ठरलेलं उत्तर, "नको भाऊ, माझं मी बघते."

आणि चर्चमधल्या बायका मापं द्यायला आल्या, की ओठांतल्या टाचण्या काढून ही सुस्कारा टाकायची, "काय करणार, हा माझा वधस्तंभ, माझा क्रूस. प्रभूने दिलाय, वाहतेय." बायका हळहळायच्या. खरं सांगायचं तर त्या हळहळीची तिला चटकच लागली होती. सासू ऐकेल ही भीती नव्हती. म्हातारीचा डावा कान पार गेलेला, आणि पडद्याकडे तोच कान.

ती धडाधडा जिना उतरली. इस्त्रीवाला कपडे पोचवून आत्ताच परतला होता, त्याने आजींना पाहिलं नव्हतं. औषधाच्या दुकानात नाही, बस थांब्यावर नाही. चौकात ट्रक करकचून थांबला, तेव्हा तिकडे बघण्याचीही तिची हिंमत होईना. रस्ता ओलांडताना पडली असेल तर? कुणी उचलून नेलं असेल, तर ती आपलं नाव तरी सांगेल का?

धावता धावता तिला उशी आठवली. आठ दिवसांपूर्वी सासूच्या डोळ्यांवर खिडकीचा उजेड येतो म्हणून हिनेच उशी पायथ्याकडे फिरवली होती. म्हणजे पडद्याकडे आता उजवा कान. चांगला कान. आणि त्या दिवसापासून सासूने एकदाही हाक मारली नव्हती. पाणी मागितलं नव्हतं, पाय चेपायला सांगितलं नव्हतं. "आई अलीकडे किती शहाण्यासारख्या वागतात," असं तिने नवऱ्याला फोनवर सांगितलंसुद्धा होतं. म्हणजे 'हा माझा वधस्तंभ' तिने ऐकलं होतं.

चर्चचं दार उघडं होतं. पहिल्या बाकावर सासू बसली होती, मांडीवर दोन लुगडी कोंबलेली कापडी पिशवी. समोर भिंतीवर साध्या लाकडाचा वधस्तंभ.

"आई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पाळकसाहेबांची वाट बघतेय," सासू म्हणाली. "त्यांच्या ओळखीचा एक वृद्धाश्रम आहे ना. म्हटलं, तुझ्या खांद्यावरून आपणच उतरावं. लाकडाला पाय नसतात, मला आहेत अजून."

टेलरबाई बाकाच्या कडेला बसली. समोर बघवेना, पण बघितलं. इतकी वर्षं ती त्याच्यापुढे गुडघे टेकत होती. प्रभूने हे लाकूड वाहिलं ते माणसांसाठी, आणि आपण माणसालाच लाकूड ठरवून गावभर मिरवत होतो. तिला स्वतःची शिसारी आली.

"चुकले मी, आई. घरी चला." तिने पिशवीला हात लावला. सासूने पिशवी घट्ट धरली.

"ओझं वाटतं ते खोटं नाही गं," सासू म्हणाली. "माझं मलाही वाटतं. पण ते मला सांगायचंस. त्या बायकांना काय सांगतेस?"

रिक्षातून दोघी परतल्या. सासूच्या मांडीवर पिशवी तशीच. आज आली तरी उद्या पुन्हा जाईल, ही धाकधूक टेलरबाईला सोडेना. जिन्यापाशी आल्यावर सासूने वर पाहिलं आणि ती पहिल्या पायरीवरच बसली.

"भाऊ," टेलरबाई इस्त्रीवाल्याला म्हणाली, "जरा खुर्ची धरता का?"

इस्त्री उभी करून तो लगेच खुर्ची घेऊन आला. आजींना बसवून एक बाजू त्याने धरली, एक तिने.

"वधस्तंभ वाहताना प्रभूलाही वाटेत एकाने हात दिला होता," सासू खुर्चीतून पुटपुटली. "नाही म्हणाला नाही तो."

जिन्याच्या पहिल्या वळणावर टेलरबाईला धाप लागली. सासूने मान वळवून विचारलं, "जड होतेय का मी?"

एरवी ती म्हणाली असती, छे हो आई, काहीच नाही.

"होताय," ती म्हणाली.

"मग टेक जरा. मलाही भीती वाटतेय."

त्यांनी खुर्ची टेकवली. तिघंही दम खात राहिले. मग सासूने मांडीवरची पिशवी उचलली आणि सुनेच्या हातात दिली.