बुजवलेला आड

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचे, तर माझ्या शाळेतल्या गुरुजींचे. शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती. वर्गातला माठ भरायचे काम गुरुजींनी मला दिले आणि माझ्या हातचे पहिले भांडे सगळ्या वर्गासमोर स्वतः प्यायले. दहावीच्या वर्षी त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे कॉलेजच्या वसतिगृहापर्यंत माझी ट्रंक त्यांनीच उचलून नेली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण ती पदवी अर्धी गुरुजींची, असे मी लोकांना सांगत असे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी धुळ्यात विज्ञान शिकवत होतो. खोली रिकामी असायची, पण आडनाव सांगितले की ती कुणाच्या तरी भाच्यासाठी ठेवलेली निघायची. मुलगी झाल्यावर बायको म्हणाली, "आता स्वतःचं घर बघा." गुरुजींच्या कानावर गेले तेव्हा ते म्हणाले, "घर मी बघतो." त्यांचा एक चुलतभाऊ कायमचा मुलाकडे सुरतेला निघाला होता. त्याचे धाब्याचे, मातीच्या सपाट छताचे घर धुळ्यातल्याच एका जुन्या गल्लीत होते, आणि अंगणात दगडात बांधलेला आड, म्हणजे घरगुती विहीर.

घर दाखवताना गुरुजी आडाजवळ थांबले. रहाटाची दोरी कुणीतरी आधीच काढून ठेवली होती.

"एक ऐक माझं," ते म्हणाले. "राहायला यायच्या आधी हा आड बुजवून टाक. पाणी मचूळ झालंय, आणि तुझं लेकरू रांगायला लागलंय. बोअर मारून घे."

शाळेत मी मुलांना पाणी तपासायला शिकवायचो. इथे मात्र एक बादली काढून चाखून पाहावी, असे माझ्या मनातही आले नाही. गुरुजींनी सांगितले होते, त्यापुढे तपासण्यासारखे काय उरले?

आमच्या भागात आड बुजवताना त्याची पूजा करतात आणि पाण्याला श्वास घेता यावा म्हणून तळापासून वरपर्यंत एक पोकळ नळी उभी ठेवतात. आमच्या घरात पूजाअर्चा नव्हती, म्हणून नारळ गुरुजींनीच फोडला. मुरूम टाकायला सगळी गल्ली आली. कुणी ट्रॅक्टर दिला, कुणी घमेली आणली. समोरच्या घरातले आबा घाम पुसत म्हणाले, "सर, तुम्ही उनात आनि बठ्ठी गल्ली एक व्हयनी." मी आलो आणि सगळी गल्ली एक झाली म्हणे. सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन बायकोला म्हणालो, शेजार चांगला मिळाला.

बोअरला पाणी लागले, पण खारे. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. शेजारच्या अक्का रोज सकाळी आमच्या पायरीवर बसून माझ्या मुलीशी बोलत. चहा विचारला की "आत्तेच लिधा" म्हणत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी माझी बायको त्यांच्याजवळ डाळीचे रडगाणे गात होती.

"आडना पानीमां दाय कशी लोनीमायक शिजे," अक्का म्हणाल्या. "आखाजीनी घागर बठ्ठी गल्ली आठेच भरे. यंदा कोपरावरना हापसावर रांग लावनी पडनी."

मी दारात वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणालो, "अक्का, आडाचं पाणी तर मचूळ होतं ना?"

"मचूळ? कोन म्हने?" त्यांना खरेच हसू आले. "तुम्हीच ते कबूल व्हयनात ना, भाऊ. गुरुजीस्नी मंदिरमां बैठकमां सांगं, मन्हा इद्यार्थी समजदार शे, तो सोताच आड बुजाडी दी. मंग कोन्हे काय म्हनानं कामच नही ऱ्हायनं."

माझी बायको मान खाली घालून डाळ निवडत राहिली.

अक्कांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. मी आणि गल्लीने मिळून केलेल्या एका सोयीची त्या मला आठवण करून देत होत्या. आजवर सगळी गल्ली या आडावर पाणी भरत आली होती. तो आता माझ्या अंगणात राहिला असता, तर गल्लीतल्या जुन्या माणसांनी त्याचे पाणी भरले नसते, आणि भरत नाही असे उघड म्हणायचीही त्यांना चोरी झाली असती. आडच नाही म्हटल्यावर कुणालाच काही बोलावे लागणार नव्हते. म्हणून घमेली आली होती, म्हणून ट्रॅक्टर आला होता. गल्लीचा राग मला आला, पण तो ओळखीचा होता. तसला राग मी लहानपणापासून गिळत आलो होतो. गुरुजींवर रागवायची मात्र मला सवय नव्हती.

रविवारी शिरपूरच्या एसटीत जाऊन बसलो. गुरुजींसमोर बसलो की मी पुन्हा त्यांच्या वर्गातला मुलगा होतो, आणि ते जे म्हणतील त्यावर मान हलवून परत येतो, हे मला ठाऊक होते. कंडक्टरने घंटी मारायच्या आत खाली उतरलो. घरी येऊन पत्र लिहिले, आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकले:

"आदरणीय गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही खुशाल आहोत. मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते.

आडाचे पाणी गोड होते, हे मला अक्कांकडून कळले. बैठकीत काय ठरले, तेही कळले. मला घर मिळावे म्हणूनच तुम्ही हे केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कदाचित दुसरा मार्ग नसेलही.

पण तुम्ही मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय म्हणालो असतो, हे आता मलाही कधी कळणार नाही. माझा होकार तुम्ही परस्पर देऊन टाकलात आणि मला सांगितलेत की पाणी मचूळ आहे. गल्लीत सगळ्यांना खरे माहीत होते, एकट्या मला नव्हते. मी त्यांच्याबरोबर हसलो, गुरुजी.

दर दिवाळीला आम्ही तुमच्या पाया पडायला येतो. यंदा येणार नाही. तुम्हीच एकदा इकडे यावे. अक्का सकाळी पायरीवर असतात, आबा समोरच्या ओट्यावर. त्यांना एवढेच सांगावे की याला मी विचारले नव्हते. माझ्याशी नंतर बोललात तरी चालेल.

आपला विद्यार्थी"