विहिरीवरचा माझा शुक्रवार

मी देश सोडला तो दिवस शुक्रवार होता. शुक्रवार म्हणजे विहिरीवर माझ्या नावचा दिवस, म्हणून बाबा मला पोचवायला स्टेशनावर आलेच नाहीत. खामगावच्या फलाटावर माय होती, चुलतभाऊ नामदेव होता आणि त्याच्या डोक्यावर माझी ट्रंक होती. गाडी जलंबपर्यंतच जाणारी, तिथून मुंबईची गाडी आणि मुंबईहून विमान. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खामगावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मला इथिओपियातल्या एका सरकारी शाळेत मास्तरकी मिळाली होती, इथल्यापेक्षा कितीतरी जास्त पगाराची, आणि मी भलत्याच तोऱ्यात होतो. मायनं विचारलं, "भुसावळच्या किती पुढं हाय रे ते?" मी म्हटलं, "थोडंसंच." मग मी बाबांचं विचारलं, तर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आज तुहा दिवस हाय, बापू. मोट उभी राह्यली तं लोकं काय म्हणतीन?"

मला राग आला. पोरगा समुद्रापार निघाला आणि बापाला वांग्यांच्या पाण्याची पडली आहे! मुंबईपर्यंत मी तो राग नीट सांभाळून नेला.

आमच्याकडची रीत तुम्हा गावकऱ्यांना सांगायला नको, पण तुमची मुलं आता माझ्यासारखीच कुठेकुठे पांगली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आजोबांनी खोदलेली विहीर आमची आणि काकांची सामाईक. घरातला मुलगा मोट हाकण्याजोगा झाला की आठवड्यातला एक दिवस त्याच्या नावानं बांधून द्यायचा. त्या दिवशीचं पाणी त्याचं. दिवस रिकामा जाऊ द्यायचा नाही. तो दुसऱ्याला कायमचा द्यायचा तर दोनच कारणं चालायची: मुलगा दत्तक गेला, नाहीतर मुलगा वारला. हे मला पाठ होतं. पण पदवी घेतल्यावर माणसाला पाठ असलेल्या बऱ्याच गोष्टींचं काही वाटेनासं होतं.

इथिओपियात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शाळा दोन वाजता भरते असं मला सांगितलं होतं. मी निवांत जेवून, भांग पाडून दुपारी दोनला हजर झालो. तिथे घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ! हेडमास्तर पोट धरून हसले आणि त्यांनी मला कॉफी पाजली. माणसं फार मायाळू होती. इंजेरा नावाची आंबट, मोठी, आंबोळीसारखी भाकरी सगळे एकाच ताटात खायचे, आणि पाहुण्याच्या तोंडात पहिला घास स्वतःच्या हातानं भरवायचे. आमच्या घरात मांस शिजत नसे, त्यामुळे माझे हालच होते. पण बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचा उपास, त्या दिवशी सगळीकडे डाळीच्या पिठाचं कालवण. अगदी आपल्या बेसनाच्या वळणाचं. शुक्रवारची मी वाट पाहायचो ती या बेसनासाठी. विहीर तेव्हा मनातही येत नसे.

तीन वर्षांचा करार संपला, मी दुसरा केला. त्याच सुमारास कळलं की नामदेवचं लग्न झालं, त्यानं कांदा लावला आणि पाणी पुरेना. मला मोठा उमाळा आला. मी पत्र लिहिलं: माझा शुक्रवार नामदेवला देऊन टाका, मी आता काही मोट हाकायला येत नाही. पत्र पेटीत टाकताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

बाबांना वाचता येत नव्हतं. घरी माझी पत्रं वाचून दाखवायचा तो नामदेवच; बाबांना तो मोठेबाबा म्हणायचा. त्याचं उत्तर दीड महिन्यानं आलं. एरवी दोन पानं लिहिणारा गडी, या वेळी चारच ओळी. "तुह्या कागदातली शुक्रवारची गोष्ट म्या मोठेबाबाले वाचून नाही दाखवली. पाण्यावाचून कांदे वायले तं वायले. तू मेला काय बे? पुन्हा असं लिहू नको."

ते पत्र हातात घेऊन मी खोलीत बसून राहिलो. ज्याला पाणी हवं होतं त्यानंच ते नाकारलं होतं, आणि मी दानशूरपणे स्वतःलाच घरातून काढून टाकलं होतं. मला लाज वाटली. पुढच्या पत्रात मी फक्त विचारलं, शुक्रवारी काय ओललं, कशाला पाणी दिलं?

दुसरा करार संपल्यावर घरी आलो तो तिसऱ्या कराराचा कागद बॅगेत घेऊनच. हे बाबांना कसं सांगायचं, याच काळजीत होतो. शुक्रवारी सकाळी त्यांनी बैल जुंपले आणि कासरा माझ्या हातात दिला. तासाभरात माझ्या तळव्यांना फोड आले. नामदेव खाली सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात पाणी फिरवत होता. बाबा बांधावर बसून, बैल मला हाकतात की मी बैलांना, हे पाहत होते. मला राहवेना. बैल थांबवून मी त्यांना सगळं सांगितलं, नव्या कराराचं आणि त्या जुन्या पत्राचंही.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले. "नामदेव वाचता वाचता अटकला, तवाच समजलं."

"मग बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? तू रागात असशीन असं वाटलं. स्टेशनावर आलो नव्हतो ना." मग म्हणाले, "जा तू. दिवस कुठी जात नाही. बैल हाक, पाणी थांबलं."

मी पुन्हा बैल हाकले. डोळे भरले होते, त्यामुळे धावेच्या उतारावर दोनदा ठेचकाळलो.

मी परत गेलो, आणि जातच राहिलो. बाबा गेले, माय गेली. मोटेच्या जागी आता मोटर आहे, नामदेव बटण दाबतो. माझी झोपायची जागा आतापर्यंत तीन देशांत बदलली, तिन्ही ठिकाणी माणसांनी जीव लावला. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं, की मला गाव आठवण्याआधी वार आठवतो. परवाच नामदेवचं पत्र आलं. माझ्या शुक्रवारी त्यानं मेथी ओलली. पेरली त्यानं, खुडली त्याच्या बायकोनं, बाजारात नेली त्यानंच. पण पत्रात लिहितो, "तुही मेथी औंदा मस्त झाली."