साहेबांसाठी फुलपात्रभर पाणी

माझ्या बापाची विहीर विधानसभेत खोटी ठरली, तेव्हा मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. नागपूरचं हिवाळी अधिवेशन होतं. आमच्या भागातल्या एका आमदारांच्या चिठ्ठीवर पास मिळाला होता. फाटकावरच्या शिपायानं माझ्या पिशवीतली बाटली काढून घेतली. तिच्यात आमच्या विहिरीचं पाणी होतं, चहाच्या रंगाचं. "बाई, आत काही न्यायचं नाही," असं म्हणत त्यानं झाकण उघडून वास घेतला, तोंड फिरवलं आणि बाटली हात लांब करून भिंतीकडेला ठेवली. त्या पाण्याशी खरं वागलेला तो पहिला सरकारी माणूस.

मी तेव्हा नांदेडला एका खाजगी शाळेत शिकवत होते. गाव लातूरकडचं. विहीर आमच्या वस्तीची, ओढ्याकाठी. दीक्षा घेतल्यानंतर दोन-चार वर्षांत माझ्या बापानं आणि वस्तीतल्या माणसांनी ती स्वतःच्या हातांनी खोदली होती. त्याआधी आमच्या बाया वरच्या आळीच्या विहिरीवर जायच्या, घागर खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या, आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. बाप म्हणायचा, "बुद्धाला शरण गेलो. आता पान्यासाठी कुनाला शरण जायचं न्हाई." ती विहीर म्हणजे त्याची ताठ मान होती.

ओढ्याच्या वरच्या अंगाला साखर कारखाना होता आणि त्याला चिकटून दारूची भट्टी. पाऊसकाळ बरा असला की भट्टीचं तांबडं पाणी पुरात वाहून जायचं, कुणाला पत्ता लागायचा नाही. दुष्काळ पडला आणि सगळं उघडं पडलं. नदी आटली, तळं आटलं, वाहत राहिला तो एकटा आमचा ओढा, कारण त्यात पाणीच भट्टीचं होतं. ते झिरपत विहिरीत उतरलं. लेकरांच्या अंगावर खाज उठली, दोन शेळ्या मेल्या, वरणात सडक्या गुळाचा वास यायला लागला. मी अर्ज लिहिला. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला फार तोरा होता. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन तो आमदारांना दिला.

त्या अर्जात मी एक चूक केली. जिल्हा नवा झाला होता, लातूरचा. पण आमच्या जिभेवर, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर जुनाच होता. लातूरला कचेऱ्या भाड्याच्या घरांत बसायच्या आणि अर्ध्या पाट्यांवर जुन्या नावावर नुसता चुना फासलेला असायचा. मीही सवयीनं जुनाच जिल्हा लिहिला. आमदारांच्या माणसानं तो तसाच प्रश्नात उतरवला.

सभागृहात प्रश्न आला. अमुक जिल्ह्यातील अमुक गावी विहिरीचे पाणी दूषित झाले, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कारवाई केली? मंत्र्यांनी कागद वाचला. "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही." आमदार उठले, तर मंत्री हसून म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी सांगितलेल्या जिल्ह्यात या नावाचं गावच नाही." दोन्ही बाजूंचे बाक हसले. आमच्या आमदारांनाही हसू आलं, ते मी वरून पाहिलं. गॅलरीत बोलायची बंदी असते. मी ओठ दातात धरून बसले.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या खात्याचा आमच्या जिल्ह्याचा साहेब भेटला. फाइल काखेत धरून अधिकाऱ्यांच्या बाकावर बसलेला मी त्याला पाहिलं होतं. उत्तर त्यानंच लिहून दिलेलं. हा माणूस आमच्या गावाला तीनदा येऊन गेलेला, कारखान्याच्या विश्रामगृहात मटण खाऊन गेलेला. गाव कुठल्या जिल्ह्यात आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मला ओळखलं आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, आधी आपला जिल्हा कोणता ते शिका. मग पाण्याचं बोला."

तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचे चार महिने मी मुलांना नदी-डोंगर शिकवले, पेपर तपासले, भाकरी थापल्या, पण डोक्यात तेवढं एकच वाक्य होतं. नागिणीनं धरावा तसा मी त्या माणसावर डूख धरला. विहिरीसाठी लढते असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त मी त्या एका वाक्याचं उट्टं काढायला लढत होते.

मुंबईच्या अधिवेशनात प्रश्न पुन्हा लावला, जिल्हा दुरुस्त करून. आता उत्तर आलं की पाणी तपासले असून ते पिण्यास योग्य आहे, तथापि अधिकारी पुन्हा जागेवर जाऊन पाहणी करतील. तपासणीचं पाणी वरच्या आळीच्या विहिरीतून नेलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी त्या उत्तराची नक्कल मिळवली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. शेवटच्या तीन शब्दांनी माझं काम केलं होतं. साहेबाला आमच्या दारात यावं लागणार होतं.

तो चैत्राच्या उन्हात आला, त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गावी आले होते. जीपला पुढे छागल टांगलेली, तिच्या ओल्या कॅनव्हासमधून लातूरचं गार पाणी ठिबकत होतं. बरोबर तलाठी होता आणि पंच म्हणून वरच्या आळीचे एक म्हातारे शेतकरी, गावात मान असलेले. पंचनाम्याला सावली हवी म्हणून सगळे आमच्या ओसरीवर बसले. ते म्हातारे जन्मात पहिल्यांदा आमच्या ओसरीवर टेकले होते, तेही अर्ध्या मांडीवर.

आल्यागेल्याला आधी पाणी, मग बाकीचं, ही आमच्याकडची रीत. माय आत तांब्या घासत होती. लांबच्या बोअरवरून डोक्यावर आणलेली एक घागर तिनं पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. मी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि विहिरीच्या पाण्याच्या रांजणात बुडवला.

"अगं, दारात आलेल्याला इख पाजतीस का?" ती कुजबुजली.

"साहेबानंच लिहिलंय माय, पाणी चांगलं हाय म्हणून."

फुलपात्र लखलखत होतं. मी ते काठोकाठ भरून साहेबासमोर धरलं. त्याच्या नाकाला वास गेला असावा, कारण मान जरा मागे गेली. "नको, आत्ताच घेतलं," तो म्हणाला.

"घ्या ना साहेब. उन्हातून आलात."

"नको म्हटलं ना."

याच वाक्याची मी चार महिने वाट पाहत होते. मी फुलपात्र खाली ठेवलं नाही. सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, पाणी वाईट की घर वाईट?"

तलाठ्याचं पेन थांबलं. साहेब काही अडाणी नव्हता. पाणी वाईट म्हणावं तर विधानसभेत दिलेलं उत्तर खोटं पडतं. घर वाईट म्हणावं तर बौद्धाच्या घरचं पाणी नाकारलं म्हणून कायद्यात सापडतो, तेही पंचांसमोर, स्वतःच बोलावलेल्या. इकडे आड, तिकडे विहीर. मी प्रश्न साहेबाला विचारला होता, पण मान खाली घातली ती त्या म्हाताऱ्यांनी. तेही माझ्या लक्षात आलं आणि तेही मला गोड लागलं.

साहेबानं फुलपात्र घेतलं, ओठांपर्यंत नेलं आणि परत खाली आणलं. पुन्हा नेलं. तिसऱ्यांदा त्याच्या कपाळावरून घाम पाण्यात पडला. मग त्यानं ते ओसरीवर ठेवलं आणि तलाठ्याला म्हणाला, "लिहा. पाणी पिण्यास अयोग्य."

"तसं न्हाई साहेब," मी म्हणाले. "तुमच्या हातानं लिहा. आन जिल्हा नीट लिहा. मागल्या बारीला चुकला होता."

त्यानं लिहिलं. मी डोक्याशी उभी राहून अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचलं, शाळेत शुद्धलेखन तपासतात तसं. बाप दाराशी उभा होता, त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असा अभिमान मी पुन्हा कधी पाहिला नाही. जीप गेल्यावर मी ओसरीवर बसून एकटीच हसले. इतकं निर्भेळ सुख मला लग्नातसुद्धा झालं नाही, आणि हे लिहिताना त्याची लाज वाटत नाही.

पुढच्या अधिवेशनात उत्तर आलं. "हे खरे आहे. सदर विहीर पिण्यासाठी बंद करण्यात आली आहे." भट्टीवर कोणती कारवाई केली, या पोटप्रश्नाला खाली एक ओळ होती. विहिरीचे पाणी आता कोणी पीत नसल्याने प्रश्न उद्भवत नाही. लिहिणारा तोच साहेब असावा. त्यानंही उट्टं काढलं होतं, आणि मीच लिहून घेतलेल्या कागदावर.

माणसं आली, विहिरीवर लोखंडी जाळी ठोकली, लाल अक्षरांची पाटी लावली. पाटीवर जिल्हा बरोबर होता. ओढा तसाच तांबडा वाहत राहिला. बोअर पुढच्या वर्षीच्या वैशाखात बंद पडलं, आणि माय घागर घेऊन वरच्या आळीच्या विहिरीवर गेली. आता अडवायची कुणाची हिंमत नव्हती, कायदा होता. तिला कुणी अडवलंही नाही. त्याच म्हाताऱ्यांनी रहाटाला हात घातला आणि फार मायेनं म्हणाले, "तू कशाला वडतीस बाई, घागर ठिव खाली, आमी वततो."

मायनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. बाप ऐकत होता. तिनं नवं पाणी त्याच फुलपात्रात ओतून त्याच्यासमोर ठेवलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. त्यानं हात लावला नाही.

मला राहवलं नाही. "का रं बा, पाणी वाईट हाय का?"

"पानी लई ब्येस हाय," तो म्हणाला, आणि फुलपात्र तसंच भरलेलं ठेवून उठून गेला.