आमचं गाजलेलं एकच गाणं

“कमी कर रं,” माझ्या ड्रमकडे न बघताच आमच्या बँडचा गायक म्हणायचा. गिटारवाल्यालाही तेच सांगायचा. आम्ही मुकाट ऐकायचो, कारण गाणी तो लिहायचा आणि सरावाची पत्र्याची शेड त्याच्या मामाची होती. आपण वाजवतो त्या विलायती संगीताला पोस्ट-पंक म्हणतात, असं त्याचं म्हणणं. भवानीनगरात मात्र त्याला ‘पोरं पाण्याची मोटार जाळत्यात’ असं म्हणत.

जेवायच्या वेळेला त्याची आई बांधावर उभी राहून त्याला हाक मारायची, “आरं ये की, भाकरी गार झाली!” एका दुपारी त्याने बेस गिटारवर तेवढीच ओळ धरली आणि गाणं संपेपर्यंत तीच ओरडत राहिला.

ते गाणं तुम्हीही ऐकलंय, उगाच नाही म्हणू नका. ट्रॅक्टरवर, वरातीत, रील्सवर, जिकडेतिकडे तेच. लोणी भापकरला एका वाढदिवसाला आम्ही आमचं दुसरं गाणं सुरू केलं, तर लोक जेवायला उठले. मी तरीही हवेतच होतो. तो नुसता कान खाजवत हसायचा.

मग एकदा निमगाव केतकीच्या बाजारात त्याची आई गवार विकत बसली होती. बाजारातल्या पोरांनी तिच्यापुढेच गाण्यातली तिची हाक ठोकली. ती हसली. पण दुसऱ्या दिवसापासून बांधावरची हाक बंद झाली. ताट वाढलं की ती त्याला मिस्ड कॉल द्यायची.

“आई, हाक का न्हाय मारत?” त्याने माझ्यासमोरच विचारलं.

“नको बाबा. लोकांस्नी वाटतं, मी तुझं गाणं म्हणतीया.”

त्याचा चेहराच उतरला. त्यानंतर बारामतीत आमचा मोठा कार्यक्रम झाला. सगळं मैदान त्या गाण्यासाठी ओरडत होतं. तो माइकवर म्हणाला, “ते गाणं आमच्या आईचं हाय. तिला माघारी दिलं.” लोकांना गंमत वाटली. ते स्वतःच गायला लागले. त्याने बेस खाली ठेवला आणि स्टेजवरून उतरला. बँड तिथेच संपला. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि याच्याइतका जीव आपण कुणाला लावला नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

परवा त्याच्या घरी गेलो. आईने ताटं वाढली, फोन लावला.

“बंद लागतुया. तूच जाऊन आन त्याला.”

तो पेरूच्या बागेत होता. काम आटपलेलं, हातपाय धुतलेले. फोन बंद करून, बांधाकडे तोंड करून बसला होता.

“भूक न्हाय का लागली?” मी विचारलं.

“लागलीय की,” तो म्हणाला. “जरा थांब. आज हाक मारंल ती.”