सेसिल थर्लबीची काडतुसे

सेसिल थर्लबी आमच्या हॉलडाइकचाच. शेतातले पाणी उपसणाऱ्या पंपावर त्याने जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर मागच्या खोपटात यंत्र आणून काडतुसे भरत बसला. दुकानात दहा पेन्सला मिळते ते मी घरी आठात भरतो, हे तो दिसेल त्याला ऐकवायचा. चर्चच्या दारात, खाटकाकडे, एकदा तर माझ्या भावाच्या दफनविधीला. शेवटी मी हिशेब केला. भरायचे यंत्र नव्वद पौंडांचे. हा बहाद्दर वर्षाला दीडशे बार उडवणार, म्हणजे तीन पौंड वाचणार. यंत्राचे पैसे वसूल व्हायला तीस वर्षे, आणि सेसिल यंत्र घेतानाच अडुसष्टचा. हे त्याला सांगितले तर म्हणाला, "तुला काटकसरीतलं काय कळतं?"

दुसरे खूळ जुन्या काडतुसांचे. पूर्वी गावोगावचे लोखंडी सामानवाले आपले नाव छापलेली, कागदी पुंगळीची काडतुसे विकत. तशी चारशे त्याने काचेच्या कपाटात मांडली होती. फक्त आमच्याच गावच्या पास्कचे त्याला मिळाले नव्हते. पास्क म्हणजे त्याची बायको ईनिड हिचे वडील. दुकान गेले, घर गेले, म्हाताऱ्याचा फोटोसुद्धा उरला नाही. ईनिडला त्या कपाटाचे काडीचे कौतुक नव्हते, पण वडिलांचे नाव कुठे छापलेले सापडेल म्हणून ती दर वर्षी संग्राहकांच्या मेळाव्याला जायची. पास्कने लग्नात जावयाला दोनशे काडतुसे दिली होती. या शहाण्याने ती उडवली, पुंगळ्या तीस वर्षे हातानेच पुन्हा पुन्हा भरल्या आणि ज्या उरल्या त्या भरून मित्रांना विकल्या. हे मला ईनिडकडून कळले, त्याच्याकडून नव्हे.

ब्याण्णवच्या मेळाव्याला मीही त्यांच्या गाडीतून गेलो. काडतूस दिसले ते ईनिडला. लाल कागद, त्यावर काळ्या अक्षरांत पास्क, हॉलडाइक. तिने ते उचलून नवऱ्यापुढे धरले. सेसिलने ते घेतले, चष्मा चढवून फिरवून पाहिले आणि परत टेबलावर ठेवले.

"घरी भरलेलं आहे. तोंड बघ कसं वाकडं मुडपलंय. कुणा अडाण्याचं काम."

"नाव माझ्या वडिलांचं आहे."

"असेल. पण माल खोटा. संग्रहात याला किंमत नाही."

"मग मी घेते," ईनिड म्हणाली.

विक्रेता ओशाळला. "बाई, भरलेलं काडतूस बंदुकीच्या परवान्याशिवाय देता येत नाही. यांचा परवाना दाखवा, झालं."

परवाना सेसिलच्या कोटाच्या खिशात होता. त्याने खिशावर हात ठेवला, पण बाहेर काढला नाही. "असल्या भंगारासाठी? चार जाणकार बघतायत इथे."

माझ्याकडे परवाना नव्हता, याचे मला त्या दिवसाइतके वाईट कधी वाटले नाही. बायको डोळ्यांत पाणी आणून उभी आणि या माणसाला चार टकल्यांपुढची अब्रू प्यारी.

विक्रेत्यालाच दया आली. "रिकाम्या पुंगळीला परवाना लागत नाही," म्हणत त्याने चाकूच्या टोकाने काडतुसाचे तोंड उघडले आणि छरे बशीत ओतले. छऱ्यांखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती असते. तिथून निघाली वर्तमानपत्राची घट्ट दाबलेली घडी.

ईनिडने ती घडी उलगडून पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिले.

"नमदा महाग म्हणून काडतुसात पेपर कोंबणारा माणूस या परगण्यात एकच आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसून कोंबायचास, सेसिल."

सेसिलचे कान लाल झाले. जाणकार खोकले. खालची दारूही विक्रेत्याने काढून टाकली, आणि ईनिडने पन्नास पेन्स मोजून पुंगळी रुमालात गुंडाळली.

आठवड्याने मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा सेसिल तिच्याभोवती घुटमळत होता.

"पुंगळी दे ना. कपाटात मधोमध लावतो. शेवटी पास्कचीच आहे."

ईनिडने किटली खाली ठेवली.

"नको. माझे वडील तीस वर्षं तुझ्या हातात होते, सेसिल. आता माझ्याकडे राहू देत."