हरलेल्या उमेदवाराची पाटी

तेव्हा मी नुकतीच कॅनडाची नागरिक झाले होते. लंडनच्या, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनच्या, नगरपालिकेचं सगळं माझ्याच मतावर अडलंय अशा तोऱ्यात मी वावरायची. वॉर्डातल्या दोन्ही उमेदवारांनी येऊन विचारलं, अंगणात प्रचाराची पाटी लावू का? दारी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? भांडलेल्या दोघी जावांना हळदीकुंकवाला बोलवावं, तशा मी दोघांच्या पाट्या शेजारी शेजारी लावून घेतल्या.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेला उमेदवार एकटाच व्हॅन घेऊन आपल्या पाट्या गोळा करत आला. साठीचा असेल. वाकण्याआधी कमरेवर हात ठेवून जरा थांबायचा. पाटी उपटल्यावर पडलेली भोकं त्याने बुटाने माती सारून बुजवली. जिंकलेल्याची पाटी कलली होती, तीही सरळ केली.

मला राहवेना. म्हटलं, "मी तुम्हालाच मत दिलं हो."

तो थकून हसला. "आज या रस्त्यावर सगळेच तसं सांगतायत. मग मी हरलो कसा, तेवढंच कळत नाही."

मी खरंच त्यालाच दिलं होतं. पण जिंकलेल्याच्या पाटीशेजारी उभी राहून शपथ तरी कशी घेणार?

"पुन्हा उभे राहाल ना?"

"बायको म्हणते, बेसमेंटमध्ये आता पाट्यांना जागा नाही."

माझे आभार मानून तो पलीकडच्या घरी गेला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आम्ही तुम्हालाच मत दिलं."

त्याने टोपी काढून तिचेही आभार मानले.